तालिका कोणी पुसली नव्हती

आमच्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेत उपाध्यक्षांनी संगणकाच्या सुरुवातीच्या दिवसांवर लेख लिहिला आहे. लेख दोन पानांचा आहे आणि त्यात चार चुका आहेत. पहिली अशी की, संगणकात व्हायरस शिरला होता. शिरला नव्हता. दुसरी अशी की, आळेफाट्याच्या एका ‘चक्रम मेकॅनिक’ने एक बटण दाबून तो काढला. जो नव्हताच तो कोणी काढू शकत नाही, आणि ते गृहस्थ मेकॅनिकही नव्हते. तिसरी अशी की, चिटणीसांनी, म्हणजे मी, मोठ्या तत्परतेने दोष हुडकला. ही चूक माझ्या फायद्याची असल्यामुळे मी ती मुकाट्याने गिळीन, असे लेखकास वाटले असावे. चौथी चूक एका वाक्याची आहे: ‘ग्रंथपालांना क्षमा करण्यात आली.’

पहिल्या तिन्ही मी वयोमानाप्रमाणे सोडून दिल्या असत्या. चौथी सोडणार नाही. मात्र तिचे उत्तर द्यायचे तर आधी त्या गृहस्थांविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यांना ओळखल्याशिवाय त्या दिवशी काय घडले ते कळत नाही.

त्यांना सगळे ‘पेंटर’ म्हणत. आळेफाट्याला ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजांच्या ओळीत त्यांची पत्र्याची टपरी होती. ट्रकच्या मागच्या फळीवर नावे, नंबर, मोर, कमळे आणि सुविचार रंगवण्यात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. पुढे रेडियमची अक्षरे कापणारे यंत्र आले. पेंटरांच्या ब्रशाला जिथे दोन दिवस लागत, तिथे चालकांना अर्ध्या तासात चकचकीत अक्षरे मिळू लागली. इतर रंगाऱ्यांनी यंत्राला शिव्या दिल्या. पेंटरांनी ते यंत्र विकत आणले, त्याला जोडण्यासाठी संगणक आणला, आणि तो बिघडल्यावर दुरुस्त करणारा कोणी मिळेना म्हणून तेही काम स्वतःच शिकले.

“गुरुजी, ज्यानं माझं पोट मारलं, त्याच्याच पंगतीला जाऊन बसलो,” असे ते मला एकदा म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. पंगतीत वाढप चांगले झाल्याचे समाधान होते.

त्यांनी दुरुस्तीचा एकच प्रांत निवडला होता, तो म्हणजे पडद्यावर जे दिसते तेवढा. प्रिंटर बंद पडला, आतली डिस्क गेली, तर ते सरळ नाही म्हणत. “आत काय आसंल ते आसू द्या. मला दिसतंय त्येवढ्यापुरता मी.” पण मेनू उघडल्यावर काळा पट्टा उमटतो, नावे एकमेकांवर चढतात, मेनू बंद केला तरी त्याची सावली पडद्यावर तशीच राहते, अशा तक्रारी आल्या की जुन्नरपासून मंचरपर्यंतचे लोक त्यांनाच निरोप धाडीत. ते एस.टी.ने येत. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, नखांच्या कडांना मात्र न निघणारा ऑइलपेंट. आल्यावर साबण मागून हात धुवत. मग सगळ्यांना वाटे, आता बसणार. ते बसत नसत. संगणकापासून मोजून दहा पावले मागे जात आणि भिंतीला टेकून उभे राहत. मालकाला म्हणत, “चालू द्या तुमचं काम. मी न्हाईच हितं, आसं समजा.”

नंतर खिशातून चौकटीची वही निघे. तिच्यात ते पडद्यावरचा मेनू हुबेहूब उतरवून घेत. प्रत्येक नाव, त्याच्या शेजारचे चिमुकले चित्र, मधली रेघ, उजवीकडचा टोकदार बाण, आणि खाली तारीख. याला अर्धा-पाऊण तास लागे. पाहणारे कंटाळत, हसत. उपाध्यक्षांनी ‘चक्रम’ हा शब्द इथूनच उचलला आहे. कारण विचारण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. मी घेतले होते.

“जुनी पाटी पुसायच्या आधी उतरून घ्यायची, गुरुजी,” पेंटर म्हणाले. “न्हायतर नवी रंगवली की मालक इचारतो, आमचा काना कुठं गेला? आन् काना त्याच्यात पयल्यापासूनच नसतो.”

‘व्हायरस’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारलेला त्यांना खपत नसे. त्या काळी प्रत्येक बिघाडाला लोक तेच नाव देत. पेंटर म्हणत, “व्हायरस म्हंजी भुताटकी. भूत म्हनलं की मानूस पळतो, बत्ती घेऊन बघायला कुनी जात नाय.”

जुन्नरच्या एका फोटो स्टुडिओतली गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. मी पासपोर्टच्या फोटोसाठी तिथे बसलो होतो. मालकाची तक्रार अशी की पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडतो, मेनू नेमका तिथेच उघडतो आणि नावे आजारी दिसतात. दोन जाणकारांनी आतले कार्ड बदलून पाहिले होते. पेंटर भिंतीशी उभे राहिले, वहीत डागाचा आकार काढला, मग मॉनिटरभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले. मॉनिटरच्या डाव्या अंगाला लोखंडी कपाट चिकटून होते आणि त्यावर लेण्याद्रीच्या पायथ्याशी मिळतो तसला चुंबकाचा गणपती बसवला होता. तळहाताएवढा, जड, आणि चुंबकही जबर. पडद्यावरचा डाग नेमका तेवढाच, तळहाताएवढा.

दुसऱ्या कोणी तो गणपती उपटून बाजूला ठेवला असता आणि मालकाच्या मनाला कायमची चुटपुट लावली असती. पेंटरांनी हात जोडले आणि मालकाला म्हणाले, “भाऊ, देवाला दाराच्या चौकटीवर जागा द्या. हितं त्याला मॉनिटरची पाठच दिसतीया. त्याला तरी काय करमत आसंल?” मालकाने गणपती स्वतःच्या हाताने हलवला. चार-सहा वेळा मॉनिटर बंद-चालू केल्यावर डाग गेला. मालक आजही सांगतो की देवाने जागा मागून घेतली होती. मी त्याच्याशी दोनदा भांडलो आहे.

आमच्या ग्रंथालयात ते पहिल्यांदा आले ते नवा संगणक आल्याच्या वर्षी. आमचे गाव आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळच्या अलीकडे. ग्रंथालयाची समिती सात जणांची, मी मानद चिटणीस, नुकताच मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालेलो. तक्रार अशी होती की मेनूतली अक्षरे एका रात्रीत एवढी लठ्ठ झाली की यादी पडद्यात मावेना. खालची नावे पडद्याबाहेर गेली. पेंटरांनी दहा पावलांवरून पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, “हितं कुनाचा चष्मा मोडलाय?”

उपाध्यक्ष गावातले जुने बागायतदार, सगळ्यांचे आण्णा. त्यांनी खिसा चाचपला. त्यांचा चष्मा आदल्या आठवड्यात बैलाच्या शिंगाचा फटका लागून मोडला होता, आणि पुण्याहून आलेल्या नातवाकडून त्यांनी अक्षरे मोठी करून घेतली होती. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

“तुमाला कसं कळलं, पेंटर?”

“आण्णा, यंत्र बिघडलं तर अक्षर वाकडं हुईल, तुटंल. आसं गुबगुबीत, निरोगी व्हनार नाय. ह्ये कुनीतरी मायेनं खाऊ घातलंय.”

समितीसह सगळे हसले. उपाध्यक्षही हसले. अक्षरे पूर्ववत झाल्यावर पेंटरांनी तो नीट झालेला मेनूही वहीत उतरवून घेतला. एवढे सगळे स्मरणिकेत नाही, कारण त्यात चष्मा आहे.

आता मुख्य प्रकरण, पुढच्या वर्षीचे.

ग्रंथपाल बाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. बौद्ध वस्तीतल्या, ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या, तालुक्यात तेव्हा असे दोघे-तिघेच होते. चार हजारांवर पुस्तकांची ग्रंथतालिका त्यांनी एकट्यांनी वर्षभर बसून संगणकात भरली होती. ग्रंथालयाचा सरकारी दर्जा, म्हणजे वर्ग, वाढून मिळावा यासाठी निरीक्षक येणार होते आणि ती तालिका त्यांना दाखवायची होती. निरीक्षणाच्या आठ दिवस आधी संगणक उघडला, तर मेनूत तालिकेचे नावच नाही. तालिकाच नव्हे, आणखीही काही नावे गेलेली.

उपाध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. ते म्हणाले, “बाईंचा भाऊ पुण्याला कॉम्प्युटर शिकतोय. फ्लॉप्या घेऊन येतो. त्याच्यातनं व्हायरस आला, न्हायतर ह्यांच्या हातनं पुसलं गेलं. येवढ्या इस्वासानं ह्यांना घेतलं आपन.” त्या ‘ह्यांना’चा अर्थ खोलीत सर्वांना कळला. मलाही कळला. बाईंना कामावरून कमी करण्याचा ठराव लिहून तयार होता, फक्त सूचक-अनुमोदकांच्या सह्या राहिल्या होत्या.

बाई दारापाशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “मी तालिका उघडलीच नाही. सरांना माहीत आहे.”

उपाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरची टाचणी उचलून टाचण्यांच्या गादीत खोचली आणि गप्प राहिलो. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि ते खोडणार नाही.

पेंटरांना बोलवावे, असे मात्र मी सुचवले. निदान जे गेले ते परत तरी मिळेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. समिती जमलेली होतीच. त्यांनी हात धुतले, भिंतीशी उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, मेनू उगडा.” बाईंनी उघडला. पेंटर अर्धा तास वही भरत राहिले.

“पुसलंय ना?” उपाध्यक्ष म्हणाले.

पेंटरांनी मागची पाने उलटून जुने चित्र काढले आणि दोन्ही चित्रे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. “मागच्या टायमाला सतरा नावं व्हती. आज धा हायेत. सात गेली. पन आण्णा, एक वाढलंय बगा. ह्ये तळाला.”

यादीच्या अगदी तळाशी दोन बारीक बाण होते, एकाखाली एक, खाली टोके केलेले. आम्ही सर्वांनी ते पाहिले होते आणि नक्षी म्हणून सोडून दिले होते.

“पुसनाऱ्याच्या मागं मोकळी जागा ऱ्हाती,” पेंटर म्हणाले. “बान उगवत नाय. ह्या बानावर कुनी टिचकी मारली न्हाई?”

बाईंनी मॉनिटरच्या कपाळाकडे बोट दाखवले. तिथे पुठ्ठ्याचे कार्ड चिकटवलेले होते: ‘परिचित नसलेल्या कोणत्याही चिन्हास स्पर्श करू नये. आज्ञेवरून.’

“अक्षर झ्याक हाये,” पेंटर म्हणाले. “कुनाचं?”

“माझे,” मी म्हणालो.

“मंग तुमीच मारा टिचकी, गुरुजी. आज्ञा तुमची हाये.”

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि स्मरणिकेच्या लेखकास ती ठाऊक नाही. मला माउस चालवता येत नव्हता. संगणक आल्यापासून मी त्यावर देखरेख केली होती, नियम केले होते, नोंदवहीत ‘पाहणी केली’ असे लिहून सही केली होती. हात लावला नव्हता. बत्तीस वर्षे ज्याने गावाला शिकवले, त्याने एका मुलीसमोर शिकाऊ म्हणून कसे बसावे, हा माझा प्रश्न होता.

मी खुर्चीवर बसलो. माउस धरला. पडद्यावरचा बाण माझ्या हातून वर पळाला, मग उजवीकडे नाहीसा झाला. मी माउस सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आलो आणि पुढे जागा उरली नाही. त्याच क्षणी पेंटर दहा पावलांवरून पुढे आले आणि माझ्या व समितीच्या मध्ये, मॉनिटर झाकला जाईल असे, पाठ करून उभे राहिले. आमच्या संगणकाच्या इतक्या जवळ मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

“उचला,” ते ओठ न हलवता म्हणाले. “उचलून मदी ठिवा. आता हळू. खाली. आजून. हां. डाव्या बोटानं.”

मागून उपाध्यक्ष म्हणाले, “अहो पेंटर, जरा सरका की! आमाला दिसू द्या.”

“दिसंल, आण्णा. रंग वला हाये.”

मी बोट दाबले. यादी खाली उलगडली. सात नावे, जरा फिकट पाटीवर, आपापल्या जागी येऊन बसली. त्यांत ग्रंथतालिका होती. पेंटर बाजूला झाले. बाईंनी तालिका उघडून पाहिली. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत सगळी शाबूत होती.

“मंग ह्ये झालं कसं?” उपाध्यक्षांनी विचारले.

“ह्या नव्या मशीनची रीत हाये. जे नाव लई दिवस कुनी उगडत नाय, ते त्ये घडी घालून आत ठिवतं. लागनारं तेवढं वर.” पेंटरांनी वहीत बोट ठेवले. “आता ह्ये पत्त्याच्या खेळाचं नाव बगा. ते हाये तसं वर हाये. म्हंजी ते रोज कुनीतरी उगडतंय.”

उपाध्यक्ष नव्या चष्म्याची काच पुसू लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

“आन् तालिका?” एका सदस्याने विचारले. “ती किती दिवस उघडली नव्हती?”

“ते पडद्यावर दिसत न्हाई,” पेंटर म्हणाले. “मी दिसतं तेवढ्यापुरता.”

त्यांना ते ठाऊक होते. माझा हात पाहिल्यावर न कळण्याइतके ते अडाणी नव्हते. तरी त्यांनी वही मिटली आणि खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहू लागले. आता जे बोलायचे ते मी बोलायचे होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, “तालिका भरून झाल्यावर ती माझ्या उपस्थितीतच उघडावी, असा माझा तोंडी आदेश होता. मी अडीच महिने उपस्थित राहिलो नाही. नोंदवहीतल्या पाहणीच्या सह्या मी घरी बसून केल्या आहेत. बाईंनी आज्ञा पाळली आहे. ठराव माझ्याविरुद्ध लिहावा.”

ठराव कोणाविरुद्धच झाला नाही. लिहिलेला कागद उपाध्यक्षांनी स्वतः चार तुकडे करून टोपलीत टाकला, हे त्यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण ‘क्षमा’ या शब्दाबाबत मी ठाम आहे. क्षमा त्या दिवशी झाली. ती बाईंनी मला केली, आणि शब्दही न बोलता केली. इतिवृत्तात माझी कबुली माझ्याच हस्ताक्षरात आहे, खाली उपाध्यक्षांची सही आहे. स्मरणिकेसाठी लेखणी उचलण्यापूर्वी त्यांनी ते पान उघडायचे होते.

ठरल्या दिवशी निरीक्षक आले. पेंटरही आले, न बोलावता. “मेनू टिकलाय का बगतो,” म्हणाले आणि वाचनकक्षात पेपर घेऊन बसले. निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे पदाधिकाऱ्यांत वयाने मोठा कोण ते पाहिले आणि मला म्हणाले, “चिटणीस, तालिका दाखवा.”

“मला येत नाही,” मी म्हणालो. “बाई दाखवतील.”

हे वाक्य म्हणायला फारसे जड जात नाही, असे मला म्हटल्यावर कळले. बाई खुर्ची ओढून बसल्या. आजवर माझ्यासमोर त्या संगणकाशी उभ्यानेच काम करीत. निरीक्षकांनी द्राक्षबागेवरचे एक पुस्तक विचारले, बाईंनी कपाट आणि खण सांगितला, शिपायाने पुस्तक आणून दिले. निरीक्षकांनी आणखी चार विचारली, चारही सापडली. त्या वर्षी आमचा वर्ग वाढला. उपाध्यक्षांनी पेढे वाटले आणि पहिला पेढा बाईंना दिला, हेही मी नमूद करतो.

निरीक्षकांची जीप गेल्यावर पेंटर पेपर घडी घालून उठले आणि बाईंच्या टेबलाशी आले.

“ताई, मेंबर व्हायला काय लागतं?”

“आळेफाट्याहून येऊन पुस्तकं बदलाल, काका?”

“वाचायचं व्हईल तवा व्हईल. तुमी नाव घ्या.”

बाईंनी सभासदांची यादी उघडली आणि नाव विचारून टंकायला घेतले. पेंटर त्यांच्या खांद्याशी वाकून उभे राहिले. एकेक अक्षर पडद्यावर उमटत होते, आणि सगळी हयात अक्षरांत घालवलेला तो माणूस ते पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहत होता.

“बरोबर आहे ना, काका? काही चुकलं असेल तर सांगा.”

“न्हाई, चुकलं कायच न्हाई,” ते म्हणाले. “गाड्यांच्या फळीवर आमी कोपऱ्यात आमचं नाव टाकतो, बारीक. मीच लिवायचं, मीच वाचायचं. रेशन कार्ड सोडलं, तर दुसऱ्या कुनी माझं नाव लिवलेलं ह्ये पयलंच.”

मग त्यांनी बाईंना ते नाव जरा वेळ तसेच राहू द्यायला सांगितले, आणि नारायणगावची गाडी येऊन स्टँडवर हॉर्न वाजवेपर्यंत तिथेच उभे राहिले.